तांबडी खिट्टी

टिटवी हरवली हे कळलं तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

शामराव लोहार त्या वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आपल्या कारखान्यात लेथपाशी उभे होते. हात कामात होते, लक्ष मोबाइलकडं होतं. मोबाइल लेथच्या डोक्यावर ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा केलेला. पलीकडं मसाईच्या पठारावर, अठरा मीटर रुंदीच्या अँटेनाच्या तबकडीखाली बसलेला इरफान मुजावर उलटे सेकंद मोजत होता.

“पाच... चार... तीन... दोन... एक. बोल बाई!”

बाई बोलली नाही.

“थांबा काका, अर्धं मिनिट इकडं-तिकडं चालतंय,” इरफान म्हणाला.

पाच मिनिटांनी म्हणाला, “झोपली असंल. चाळीस दिवस राबलीय, माणूस असता तर रजा टाकली असती.” वीस मिनिटांनी त्याची थट्टा थांबली. पाऊण तासानं तो हळूच म्हणाला, “काका, तिथं कायच नाही.”

शामरावांनी लेथ बंद केला. असा आवाज त्यांनी आठ महिन्यांपूर्वी एकदा ऐकला होता, दवाखान्याच्या जिन्यात, डॉक्टरांच्या तोंडून. त्या आवाजानंतर माणूस काय विचारणार? तरी त्यांनी विचारलं.

“नक्की?”

“नक्की.”

टिटवी म्हणजे तीस किलो वजनाचं यान. तांदळाच्या पोत्याएवढं. पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह गाठायचा, त्याच्याभोवती फिरायचं, त्याचे फोटो काढायचे आणि तो कशाचा बनलाय ते कळवायचं, एवढं तिचं काम. ते साल २०४१. तोवर यान पाठवणं ही मोठ्या देशांची मिरास राहिली नव्हती. तीन कॉलेजं, उद्यमनगरातले सतरा कारखाने आणि एक तबकडी मिळून करवीर अवकाश मंडळ उभं राहिलं होतं. ज्या गल्ल्यांमध्ये पूर्वी पंपाचे आणि ऑइल इंजिनचे भाग व्हायचे, तिथं आता यानाचे भाग होत होते. नाव ठेवताना मंडळात बरीच हुज्जत झाली. टिटवी अपशकुनी, असं दोघं-तिघं म्हणाले. तेव्हा शामरावांची बायको हेमलता उठून म्हणाली होती, “टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण विसरलात काय? आपलं इंजिन तेच करणार आहे. चोचीनं.” मग नाव तेच ठरलं.

इंजिन हेमलताचं होतं. म्हणजे गणित तिचं आणि हात शामरावांचे. ती तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाली होती. ते दहावी नापास, पण एका चकतीवर सहाशे भोकं अशी पाडायचे की सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी रेघ हलायची नाही.

इंजिन चालतं कसं, हे तिनं त्यांना कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शिकवलं होतं.

“अहो, बसा इथं.”

“मला भोकं पाडता येतात. तेवढं बास की.”

“बास नाही. ज्याला भोकं पाडताय ते कशासाठी, हे कळलं पाहिजे.”

आणि ते बसले होते. जखमेला लावायच्या तांबूस औषधात असतं ते आयोडीन. त्याचा घट्ट खडा टाकीत ठेवायचा. ऊब दिली की जांभळी वाफ होते. आयोडीनचे अणू एकेकटे राहत नाहीत, जोडीनं राहतात. ती जोडी फोडायला वाफ एका लालभडक तापलेल्या नळीतून न्यायची. मग प्रत्येक अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा. अणूवर धन प्रभार राहतो. आता तो आयन झाला. त्याच्यापुढं दोन चकत्या, एकमेकींपासून एक मिलिमीटरवर, आणि त्यांच्यात हजार व्होल्ट. तिथं विद्युत क्षेत्र तयार होतं, आयन त्यात सापडला की मागच्या भोकातून पुढच्या भोकाकडं सुसाट पळतो आणि बाहेर पडतो. तो एका बाजूला पळाला की यान दुसऱ्या बाजूला सरकतं.

“किती जोरात पळतो?” त्यांनी विचारलं होतं.

“प्रभार गुणिले क्षेत्र, भागिले वस्तुमान. करा.”

त्यांनी केलं. शून्यं मोजताना दोनदा चुकले. उत्तर आलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. त्वरण शहात्तर हजार कोटी मीटर प्रति सेकंद वर्ग.

“खुळ्यासारखं काहीतरी आलंय.”

“बरोबर आलंय. फक्त ते एका मिलिमीटरपुरतंच टिकतं. तेवढ्यात तो सेकंदाला एकोणचाळीस किलोमीटरचा वेग घेतो. इथून सुटला की एका सेकंदात निपाणी.”

“आणि यानाला धक्का?”

“पाच-सहा तांदळाच्या दाण्यांच्या वजनाएवढा.”

शामराव पोट धरून हसले होते. “एवढा तमाशा, आणि सहा तांदळाचे दाणे?”

“रोज, चोवीस तास, चाळीस दिवस. मग बघा.”

एकच अडचण होती. इंजिन चालू असताना बोलायला वीज पुरत नव्हती. म्हणून चाळीस दिवस टिटवी गप्प राहणार, मग इंजिन थांबवून तोंड पृथ्वीकडं वळवणार आणि बोलणार, असं ठरलं होतं. तो दिवस म्हणजे हा मंगळवार.

बुधवारी सकाळी तेजस्विनी मगदूम कारखान्यात आली. ती मोहिमेची प्रमुख. वय अडतीस. अकरावीत हेमलताच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आणि अजूनही लोहारांच्या कारखान्यात शिरताना चप्पल दारात काढायची. डोळे सुजलेले होते. शामरावांनी तिला खुर्ची दिली. खिडकीजवळचं उंच स्टूल रिकामं होतं, तिकडं दोघांनीही पाहिलं नाही.

“काका, तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगते. शुक्रवारी दुपारी मंडळाची समिती निवेदन काढणार आहे.”

“कसलं?”

“यान हरवल्याचं. आणि कारण. यान जिथं असायला हवं तिथं नाही. म्हणजे धक्का ठरल्याएवढा बसला नाही. टाकी ठीक होती, वीज ठीक होती, सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या चाचणीत व्होल्ट आणि धारा दोन्ही बरोबर होत्या. राहतं काय? समितीचे अध्यक्ष डॉक्टर केळुसकर म्हणाले, राहतं गणित.”

“गणित हेमाचं आहे.”

“कागदावर नाव त्यांचंच आहे.”

“ती आता उत्तर द्यायला नाही म्हणून?”

“काका, मी भांडले. तासभर भांडले. ते म्हणाले, दुसरं कारण दाखवा. माझ्याकडं नाही.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “पुढच्या बुधवारपर्यंत यानाला उलटं वळून वेग कमी करायचा हुकूम मिळाला नाही, तर ते लघुग्रहाच्या बाजूनं निघून जाईल. आणि आकाश लई मोठं आहे. तबकडीला एका वेळी त्यातला एक ठिपका दिसतो. कुठं कुठं बघायचं?”

“हेमाचं गणित चुकणार नाही.”

“मलाही तसंच वाटतं. पण वाटतं हे कारण होत नाही. हे मॅडमनीच शिकवलंय मला.”

ती गेली. शामरावांनी कपाटातून इंजिनाची फाइल काढली. हेमलताचं गणित तपासण्याएवढी अक्कल आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण हातांनी केलेलं काम तपासता येत होतं. ते बिनचूक ठरलं तर काय, याचा त्यांनी विचार केला नाही. काहीतरी करायला हवं होतं.

त्यांच्या कारखान्यात कामाचा एक रिवाज होता. एकानं करायचं, दुसऱ्यानं वाचायचं. प्रत्येक कामाचं कलम कागदावर लिहिलेलं. स्टुलावर बसून हेमलता कलम मोठ्यानं वाचायची, शामराव ते करायचे आणि “झालं” म्हणायचे, ती चष्म्यावरून बघायची, आणि मग शेजारी शेजारी दोन खुणा व्हायच्या. एक करणाऱ्याची, एक वाचणाऱ्याची. त्यांची बरोबरची खूण जाड, तिची बारीक आणि तिरकी. एकूण छप्पन्न कलमं.

ते एकेक कलम बोटानं खाली सरकत गेले. जाड, बारीक. जाड, बारीक. चाळीस कलमांपर्यंत जोडी सुटली नव्हती.

एकेचाळीस. जाड, जाड.

तिथून छप्पन्नपर्यंत सगळ्या खुणा जाडच होत्या.

हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एकेचाळिसाव्या कलमाच्या दिवशीच हेमलताला धाप लागली होती. स्टुलावरून उतरून ती म्हणाली, “जरा खाली बसतो मी.” कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती ‘बसतो, येतो’ असंच म्हणायची. तिथून दवाखाना. हृदयाची झडप. पाच दिवस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आले, कारण इंजिन आठवड्याभरात जायचं होतं. तेजस्विनीनं वाचायला एक माणूस पाठवला होता. शामरावांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. त्या स्टुलावर कुणी बसलेलं त्यांना चालणार नव्हतं. त्यांनी स्वतःच वाचलं, स्वतःच केलं, आणि स्वतःच दोन्ही खुणा केल्या.

कलम एकेचाळीस असं होतं: ‘तांबडी खिट्टी काढली. डब्यात टाकली.’

जोडी फोडणारी ती तापनळी हवेत पूर्ण तापवली तर जळून जाते. म्हणून जमिनीवर चाचण्या करताना तिच्या वायरीत वीज कमी सोडणारी एक लहानशी खिट्टी घालून ठेवायची, नळी जेमतेम कोमट राहायची. खिट्टीला हेमलताच्या जुन्या साडीची तांबडी चिंधी बांधलेली, विसरू नये म्हणून. यान जायच्या आधी ती काढायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची.

त्या दिवशी त्यांनी खिट्टी काढली होती का?

शामरावांनी डोळे मिटले. नाही. इंजिनावरचं झाकण सहा स्क्रूंनी बसवलेलं होतं. त्यांनी डबा उचलला होता आणि कानाशी धरून हलवला होता. खिट्टी आत आहे की नाही हे ते दोघं नेहमी तसंच बघायचे. डबा खुळखुळला होता. म्हणजे हेमानं त्या दिवशी खिट्टी आधीच काढून टाकली, खूण करायची तेवढी राहिली, असं त्यांनी धरलं. तिच्या हातचं काम परत उघडून बघणं त्यांना नको वाटलं. त्यांनी दोन खुणा केल्या.

डबा खिडकीतच होता. आठ महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. खुळखुळला. मग झाकण काढलं.

आत केसांचे दोन चाप होते. काळे, पत्र्याचे. इंजिनापाशी काम करताना अंगावर सुटं काही चालत नाही, म्हणून हेमलता बांगड्या पिशवीत ठेवायची आणि चाप या डब्यात. त्या दिवशी ते परत डोक्याला लावायला तिला वेळ मिळाला नव्हता.

डब्यात दुसरं काही नव्हतं.

शामराव स्टुलाजवळ गेले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यावर बसले. बराच वेळ ते चाप हातात धरून होते. मग एकदम उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागचं पान उलटलं.

खिट्टी यानातच आहे. म्हणजे नळी तापली नाही. म्हणजे जोडी फुटली नाही. म्हणजे भोकातून एकेकटा अणू नाही, जोडीच्या जोडी बाहेर पडली.

प्रभार तोच. क्षेत्र तेच. वस्तुमान दुप्पट.

त्यांनी भागाकार केला. अडतीस हजार कोटी. त्वरण निम्मं. हेमाचं गणित बरोबर होतं! तिच्या गणितात फक्त जो आयन घातला होता तो नव्हे, दुसराच उडाला होता. आणि आता कुठं शोधायचं हे काढता येत होतं!

गुरुवारी सकाळी स्कूटर मसाईच्या पठारावर चढली तेव्हा बॅटरीत सात टक्के उरले होते. तबकडी आकाशाकडं तोंड करून उभी होती. इरफान बाहेर बादलीवर बसून वडापाव खात होता.

“काका? सकाळी सकाळी? फोन करायचा की.”

“फोनवर सांगायचं नव्हतं. तेजू कुठाय?”

तेजस्विनी आत पडद्यासमोर बसली होती. शामरावांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत. दोन खुणा, खुळखुळणं, चाप, सगळं.

इरफाननं वडापाव खाली ठेवला. तेजस्विनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“काका, तुम्ही... मी माणूस पाठवला होता वाचायला! तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलात!”

“होय.”

“चार वर्षं! शंभर माणसांची चार वर्षं, काका!”

“होय. माझी चूक आहे. समितीला मीच सांगतो, आज, लिहून देतो. पण शिव्या नंतर घाल पोरी. आधी हे बघ.” त्यांनी कॅलेंडरचं पान तिच्यापुढं पसरलं. “वस्तुमान दुप्पट. त्वरण निम्मं.”

तिनं पान पाहिलं. राग होता तिथंच राहिला, पण डोळे वाचायला लागले. मग ती खुर्ची सरकवून ताठ बसली.

“वेग निम्मा नाही होत. दोनाच्या वर्गमुळानं भागायचं. एकोणचाळीसच्या जागी साडेसत्तावीस. निपाणी नाही, कागलच्या जरा पुढं. आयन सावकाश गेला, म्हणजे धक्का कमी बसला. इरफान! यान मागं राहिलंय! ठरल्या जागेपेक्षा पंचाहत्तर हजार किलोमीटर मागं बघ!”

“फिरवली!” इरफान ओरडला.

मोटारी घुमल्या. तबकडीची भली मोठी सावली गवतावरून हलली. तिघं पडद्यापाशी उभे. इरफाननं वरून खाली, डावीकडून उजवीकडं आकाशाचा तो तुकडा विंचरून काढला. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले.

“नाही,” तो म्हणाला. “चारपर्यंतच दिसणार ती आपल्याला. मग डोंगराआड.”

तेजस्विनीनं कपाळाला हात लावला. “मग हेही नाही कारण.”

शामराव पान बघत उभे होते. काहीतरी जुळत नव्हतं. गणितात नव्हे, हातात. त्यांचे वडील खरे लोहार, कागलच्या बाजारात भाता लावून बसायचे. एकाच माणसानं, एकाच ताकदीनं हातोडी मारली तर ती झटकन येते. घण मारला तर तो सावकाश येतो.

“तेजू,” ते म्हणाले, “लोखंड कशानं सरकतं? हातोडीनं का घणानं?”

“काय?”

“घण सावकाशच येतो की गं. पण धक्का कुणाचा मोठा?”

तिनं कॅलेंडरचं पान परत पुढं ओढलं.

“प्रत्येक आयनाला हजार व्होल्टचीच ताकद मिळाली,” शामराव भराभर बोलायला लागले. “एकट्याला तेवढीच, जोडीला तेवढीच. जोडी जड, म्हणून सावकाश गेली. पण जाताना लाथ मोठी मारून गेली!”

“थांबा. जोडी जड म्हणजे तेवढ्याच वाफेत निम्मेच आयन. मग...”

“निम्मे का? हेमानं धारा बांधून दिलीय ना? दर सेकंदाला इतके म्हणजे इतकेच आयन बाहेर पडले पाहिजेत. कमी पडले तर झडप आपोआप जास्त उघडते. ती झडप मी बसवलीय!”

तेजस्विनीनं टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की डब्यातले चाप उडाले. “धारा तीच! आयन तेवढेच! प्रत्येकाचा संवेग दोनाच्या वर्गमुळाएवढा जास्त! धक्का एक पूर्णांक एक्केचाळीस शतांश पट! काका, यान मागं नाही, पुढं आहे!” तिची बोटं कळफलकावर पळत होती. “एक लाख... एक लाख आठ हजार किलोमीटर पुढं! इरफान, आकाशात चंद्राच्या रुंदीएवढं पुढं. जरासं जास्तच. आणि वेगही जास्त आहे, म्हणजे तिच्या रेडिओची पट्टीही सरकली असणार. त्या पट्टीवर आपण ऐकलंच नाही!”

“सांगा, सांगा, पट्टी सांगा!”

तिनं सांगितली. तबकडी परत घुमली. सावली गवतावरून उलटी आली. पडद्यावर खरखरीची रेघ होती, बाजरीच्या शेतासारखी, सगळी सारख्या उंचीची. शामरावांनी खिशातल्या खिशात मूठ आवळली.

रेघेतून एक काडी वर आली.

बसली. परत वर आली, आणि उभी राहिली.

“बोलालीया!” इरफान किंचाळला. “आयला, बोलालीया! टिटवी बोलालीया!” तो खुर्चीवर चढला, उतरला, शामरावांच्या गळ्यात पडला. “काका, नाद खुळा!”

तेजस्विनी हसत होती आणि रडत होती, आणि दोन्ही करताना आकडे वाचत होती. “नळीची वीज... अगदी कमी. खिट्टी आतच आहे काका. टाकी... दुप्पट आयोडीन गेलंय. उरलंय ते...” तिचं हसू थांबलं. “जेमतेम पुरेल. पण वेग जास्त आहे, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत थांबता येणार नाही. उलटं वळायचं ते उद्या दुपारच्या आत.”

“आणि आता चारला ती डोंगराआड,” इरफान म्हणाला. “उद्या दहाला परत दिसणार. दोन तास मिळतील.”

“उद्यावर नको. आत्ता पाठवायचं. तीनला दहा कमी आहेत.” तिनं खुर्ची ओढली. “सगळं गणित नव्यानं. जोडीचं वस्तुमान धरून. काका, बसा इथं.”

“मी?”

“मी करते, तुम्ही वाचा. मोठ्यानं. मॅडम वाचायच्या तसं.”

शामराव बसले. चष्मा लावला. तेजस्विनी एकेक ओळ लिहीत गेली आणि ते वाचत गेले, प्रत्येक संख्या, प्रत्येक एकक. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. “हे एकशे सत्तावीस एकट्या अणूचं आहे. दोनशे चौपन्न पाहिजे.” तिनं जीभ चावली आणि खोडलं. तीन चाळीसला हुकूम पुरा झाला. तीन शेहेचाळीसला इरफाननं तो सोडला.

टिटवी एक कोटी किलोमीटरवर होती. हुकूम पोचायला तेहतीस सेकंद, थोडे वर. उत्तर यायला तेवढेच. इरफाननं सदुसष्ट सेकंद उलटे मोजले. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली.

काडी हलली. पडद्यावर एक ओळ आली: ‘हुकूम मिळाला. वळते आहे.’

समितीचं निवेदन शुक्रवारी निघालं, पण वेगळं. त्यात टिटवी सापडल्याचं होतं, हेमलता लोहार यांचं गणित बरोबर असल्याचं होतं, आणि शामराव लोहार यांनी शेवटच्या सोळा कलमांच्या दोन्ही खुणा स्वतः केल्याचंही होतं. ती ओळ शामरावांनी स्वतः लिहून दिली होती. डॉक्टर केळुसकरांनी फोन करून विचारलं, “ही ओळ ठेवायलाच हवी का? यान तर मिळालं.”

“ठेवा साहेब,” ते म्हणाले. “यान मिळालं ते त्या ओळीमुळंच.”

सोमवारी तेजस्विनी आली. चप्पल दारात काढली. दुसऱ्या इंजिनाच्या चकत्या तुम्हीच करायच्या, पण जोडणीच्या कागदावर दोन वर्षं तुमची सही चालणार नाही, असं समितीनं ठरवल्याचं तिनं सांगितलं. सांगताना तिला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

“बरोबर केलं,” शामराव म्हणाले. “आणि वाचायला माणूस पाठव. त्या दिवशीचाच पाठव. चहा पाजतो त्याला.”

“कुठं बसेल तो?”

शामरावांनी खिडकीजवळच्या स्टुलावरची धूळ फडक्यानं पुसली.

ती गेल्यावर त्यांनी पहिल्या इंजिनाचा कागद काढला. एकेचाळिसाव्या कलमापुढच्या दोन्ही जाड खुणा खोडल्या आणि शेजारी लिहिलं, ‘खिट्टी काढलेली नाही.’ खाली सही केली. चाप पुसून परत डब्यात ठेवले.

टिटवी पाच महिन्यांनी लघुग्रहापाशी पोचेल. वेग रोज कमी होतो आहे, ठरल्याप्रमाणं. तापनळी कोमटच आहे, जोड्या बाहेर पडत आहेत, आणि तांबड्या चिंधीची खिट्टी तिच्या पोटात आहे.

छप्पन्न कलमांपैकी पंचावन्न पूर्ण आहेत. एकेचाळिसावं राहिलं आहे.